चाळीसचा बल्ब

दिवाळी सरली की आमच्या खुराड्यातली अंडी आटायला लागतात. सातची पाच होतात, पाचाची तीन, आणि मार्गशीर्ष लागता लागता एखाद्या सकाळी हात आत घातला तर नुसता कोमट पेंढा लागतो. कोंबडी बसून उठलेली असते, अंडं नसतं. अशा वेळी मला उगाच ओशाळल्यासारखं होतं. कुणाच्या घरात न विचारता शिरून डबे उघडून पाहिल्यासारखं.

बारा कोंबड्या आणि एक कोंबडा. लासलगावात एवढ्याला कुणी धंद्यात धरत नाही. इथं धंदा म्हणजे कांदा. १९४७ साली सुरू झालेली आमची बाजार समिती कांद्याची आशियातली सगळ्यात मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते, आणि डिसेंबरात लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की गावातून पायी जाणंही मुश्किल होतं. इथला भाव पडला किंवा चढला तर दिल्लीपर्यंत आवाज जातो. आमची अंडी बंद झाली तर आवाज ओट्यावरून स्वयंपाकघरापर्यंत जातो.

तरी अंड्यांच्या पैशाची जात वेगळी होती. कांद्याचा पैसा लिलावातून हिशोबपट्टीवर उतरतो, तिथून पुरुषाच्या खिशात, खिशातून सोसायटीच्या कर्जात आणि खताच्या दुकानाच्या उधारीत. घरात येईपर्यंत त्याचा नुसता वास उरतो. अंड्याचा पैसा मात्र बाईचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो पितळी डब्यात तूरडाळीच्या खाली ठेवायच्या. चांदवडच्या रेणुकेला जायचं एसटीचं भाडं त्यातून निघे, नणंदेच्या बांगड्या त्यातून भरल्या जात, आणि एकदा माझ्या बीएडच्या परीक्षेची फीसुद्धा त्यातूनच गेली. तेव्हा मी नोटा हुंगून पाहिल्या होत्या, डाळीचाच वास होता. या पैशाचा हिशोब त्यांना कुणी विचारला नाही, त्यांनीही सांगितला नाही. पण गाव कांद्याच्या पैशानं गजबजलेलं असायचं नेमक्या त्याच दिवसांत हा डबा तळाला गेलेला असे. मला ते खटकायचं. शिवाय थंडी पडली की लोक अंडी जास्त खातात, भाव चढतो. १९८२ पासून अंड्यांचा भाव रोज जाहीर करणारी समिती आहे, त्या भावाचा आकडा पेपरात वाचून मी हळहळायची. भाव आहे, गिऱ्हाईक आहे, आणि आमची मंडळी पंख फुगवून उन्हाला बसलेली.

मला वाटायचं, हे थंडीमुळंच. तसं वाटायला जागाही होती. निफाड तालुक्याची थंडी ही आमची दुसरी प्रसिद्धी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, आणि काही वर्षी तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरलेला असतो. महाबळेश्वर गार, हे पर्यटकांसाठी. आमच्याकडं पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक भल्या पहाटे ठिबक सोडतात, बागांवर धुराचा एक थर तरंगत राहतो. त्यात कोंबडीनं अंडं द्यावं ही अपेक्षाच दांडगी.

म्हणून पहिल्या वर्षी मी खुराडं उबदार करायला घेतलं. गोणपाटाचे पडदे शिवले. घोटीच्या भातगिरणीतून तूस आणवलं आणि चार बोटं जाड अंथरलं. कुक्कुटपालनाच्या पुस्तिकेत याला गादी पद्धत म्हणतात. फटी बुजवल्या. आठ दिवसांत आत नाकाला झोंबणारा वास सुटला आणि दोन कोंबड्या शिंकायला लागल्या. आत्याबाईंनी काही न बोलता वरच्या अंगाचा पडदा फाडून टाकला, तूस दाताळ्यानं उलटंपालटं केलं, त्यात मूठ-मूठ चुना टाकला. म्हणाल्या, “तिच्या अंगात आपल्यापेक्षा जास्त ऊब हाय. तिला वारं नको, गारवा चालतो.” पुढं मी वाचलं तेव्हा कळलं की कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, आपल्याला ज्यात लोक दवाखान्यात नेतील एवढं. पिसं फुगवून, पाय पोटाखाली घेऊन ती दांडीवर बसली की निफाडची थंडी तिच्या खिजगणतीत नसते. थंडीत ती खाते मात्र जास्त. बाजरी, मक्याचा भरडा, बांधावरचा मेथीघास. कांद्याच्या पातीचे ढीग शेजारी पडलेले असतात, पण त्यांना कोंबड्या फारसं तोंड लावत नाहीत, आणि लावूही देऊ नये. कांदा पोटभर खाल्लेल्या जनावरांच्या रक्ताचं पाणी होतं, हे गाईगुरांवरून गावाला ठाऊक आहे.

मग अंडं कशानं अडतं? तर उजेडानं.

हे मला त्याच पुस्तिकेत सापडलं आणि मी अक्षरशः उठून बाहेर गेले, कोंबड्यांकडं नव्यानं बघायला. कोंबडी दिवस मोजते. भरपूर अंडी द्यायला तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. लासलगाव विषुववृत्ताच्या वर वीस अंशांवर. आमचा जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढं जातो आणि डिसेंबरचा जेमतेम अकरा तासांवर येतो. म्हणजे खरं तर आमच्याकडं कधीच पुरेसा उजेड नसतो, हिवाळ्यात तो अगदीच तोकडा पडतो. आणि मोजते कशानं, तर नुसत्या डोळ्यांनी नाही. उजेड तिच्या कवटीच्या पातळ हाडातून आरपार जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना लागतो. १९३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाक बेनुआ नावाच्या शास्त्रज्ञानं बदकांवर हे पाहिलं होतं: डोळ्यांपर्यंत उजेड पोहोचू दिला नाही तरी बदकांच्या शरीराला दिवस मोठा झाल्याचं कळत होतं. कोंबडीच्या डोक्याला आतून एक खिडकी आहे म्हणायची. दिवस आखडला की तिथून खाली निरोप जातो, अंडाशय आवरतं घेतं, आणि ती उरलेला ऐवज पिसांकडं वळवते. जुनी झडतात, नवी येतात. कार्तिकात आमचं अंगण कुणी उशी फाडल्यासारखं दिसतं ते त्यामुळं.

एकेक अंडं काही फुकट पडत नाही. एक तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढत असतं, आणि त्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाण्यातून पुरलं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. आत्याबाई अंड्यांची टरफलं तव्यावर भाजायच्या, पार चुरायच्या आणि परत त्यांनाच घालायच्या. चुरायची का, तर टरफलाचा आकार ओळखला तर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागते.

तर मी बल्ब लावायचं ठरवलं. शाळेत विज्ञान शिकवत होते, अंगात मस्ती होती. चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, त्याला पत्र्याच्या डब्याची टोपी, आणि पहाटे चारला उठून बटण दाबायचं. संध्याकाळी लावला तर बंद करताना कोंबड्या अंधारात चाचपडतात, दांडीवर चढायच्या राहून जातात; पहाटेचा उजेड आपोआप दिवसात मिसळतो. आत्याबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. “उजाडलं म्हणून खोटं सांगती व्हय तिला?”

या एका वाक्यानं माझी अडचण झाली. आपल्याकडं म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सत्य दडवणाऱ्यांना ती ऐकवतात. मी केलं ते त्याच्या उलटं होतं. मी कोंबडं झाकलं नव्हतं, तांबडं फुटायच्या आधीच फोडून ठेवलं होतं. म्हणीनं याची सोयच केलेली नाही. (जाता जाता: २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून पाहिले, तरी ते पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या आतच असतं. म्हणजे झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं फुटल्याचं कळतं. म्हण करणाऱ्यानं कोंबड्याला उगाच कमी लेखलं.)

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात अंडी आली. दोन, चार, सहा. ऐन पौषात, गारठ्यात, सहा. मी ती ताटात मांडून आत्याबाईंपुढं ठेवली. त्यांनी एक उचललं, दिव्यापुढं धरून पाहिलं, खाली ठेवलं. वाईट काहीच बोलल्या नाहीत. पैसे डब्यात गेले.

आणि मग डीपी जळाली. लोडशेडिंगचा तो काळ ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. रोजची वीज जायची ती वेगळी, हे त्यावर. रात्रीच्या थ्री फेजवर सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि रोहित्रानं मान टाकली. अकरा दिवस अंधार. माणसांनी कंदील पुसले. कोंबड्यांना कंदिलाचं काय सांगणार? त्यांच्या हिशेबी एका रात्रीत दिवस तीन तासांनी कमी झाला होता. निसर्गात असं कधी होत नाही. तिथं दिवस चोरपावलांनी आखडतो, रोज मिनिटाभरानं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पिसं गळायला लागली, कार्तिकात गळून नुकती नवी आलेली पिसं. अर्ध्या कोंबड्या मानेपासून उघड्या पडल्या, आणि बाहेर निफाडची थंडी. आधी त्यांना थंडीची पर्वा नव्हती, ती मी आणली. दोन गेल्या. एक आत्याबाईंची लाडकी, तांबडी, अकरा-अकरा पिलं काढणारी.

त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. त्यांनी उरलेल्यांना पाटीखाली डाललं, चुलीशेजारी ठेवलं, बाजरी भिजवून घातली, आणि आठवडाभरानं भाकरी थापता थापता म्हणाल्या, “कोंबडी काय नळ हाय का? तोटी फिरवली की आलं.”

नळच झाला आहे तिचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधूनच खुडूक बसते. तिचे रानातले पूर्वज तर एका विणीत पाच-सहा अंडी घालून उबवायला बसतात. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर जाते. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजच्या जातीचं नावच बीव्ही-३०० आहे. तिच्या शेडमध्ये सोळा तासांचा दिवस बारा महिने चालतो. जनरेटर असतो, डीपी जळत नाही. तिला मार्गशीर्ष माहीत नाही आणि संक्रांतही. मी त्या अंड्यांना नावं ठेवत नाही. शाळेत माझ्यापुढं बसलेल्या कितीतरी पोरांच्या पोटात गेलेलं दिवसातलं एकच बरं अन्न तेच होतं. पण अंगणात बारा कोंबड्या ठेवणाऱ्यानं त्या शेडची नक्कल करू नये, हे मला दोन कोंबड्या घालवून कळलं.

यातली खरी मौज पुढं उमगली. आमच्याकडं उजेड मोजणाऱ्या कोंबड्या एकट्याच नाहीत. कांदाही मोजतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेलं उन्हाळ कांद्याचं रोप आधी नुसती पात वाढवत बसतं. दिवस लांबायला लागला, ऊन तापायला लागलं की ते गड्डा धरतं. चुकीचं वाण चुकीच्या दिवसांत लावलं, वर थंडी जास्त झाली, की गड्ड्याऐवजी डेंगळे निघतात आणि शेतकरी डोक्याला हात लावतो. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून निघालेलं एन-२-४-१ घरोघर लावतात ते या हंगामाला बसतं म्हणून. आणि कांदा चाळीत पडला की त्याला कोंब फुटू नये यासाठी आमचीच धडपड. गावात भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून उभा आहे, तिथं किरणांचा मारा करून कांद्याचं उगवणं थांबवता येतं. म्हणजे एकीकडं कांद्याला आम्ही सांगतो, अजून तुझा दिवस उजाडलेला नाही. दुसरीकडं कोंबडीला सांगतो, उजाडलं, ऊठ. आत्याबाईंचं ‘खोटं सांगती व्हय’ मला तिथल्या फाटकावरून जाताना हमखास आठवतं.

नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे पक्षीही दिवस आखडल्यावरच उत्तरेकडून निघतात. २०२० मध्ये ती पाणथळ रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली, महाराष्ट्रातली पहिली. लोक दुर्बिणी घेऊन येतात. आमच्या घरात मात्र त्या पाहुण्यांकडं एक डोळा बारीक करून बघायची रीत आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, आणि इथवर कोंबडी-अंड्याला कुणी हात लावेना. आत्याबाईंनी महिनाभर कोंबड्या दाराबाहेर सोडल्या नाहीत. मानमोडी त्यांनी पाहिली होती, एका रात्रीत अख्खं खुराडं रिकामं करणारी. पेपरवाले राणीखेत म्हणतात ती. हे नवं नाव त्यांना त्याच घराण्यातलं वाटलं. तेवढे दिवस बगळासुद्धा अंगणात उतरला तर त्या खराटा घेऊन धावायच्या.

त्यांची स्वतःची तोड मात्र निराळी होती, आणि ती मला फार उशिरा दिसली, कारण त्यांनी ती कधी तोड म्हणून सांगितलीच नाही. होळीच्या सुमाराला एक खुडूक कोंबडी बघून त्या तिला अंड्यांवर बसवायच्या. एकवीस दिवसांनी पिलं. घार, मुंगूस, बोका यांच्या तावडीतून वाचलेल्यांतल्या चार-पाच माद्या दसऱ्यापर्यंत तलंगा होत, अंड्यावर येत. आणि तलंगेची गंमत अशी की पहिल्या हिवाळ्यात ती सहसा थांबत नाही. जुन्या कोंबड्या पिसं गाळत बसतात, ती आपली लहान लहान अंडी देत राहते, कधी कवचावर रक्ताची रेघ असलेली. दुसऱ्या हिवाळ्यापासून तीही शहाणी होते. म्हणजे दर वर्षी नव्या चार तलंगा आल्या की थंडीत घरापुरती दोन-तीन अंडी सुटतातच. ना बल्ब, ना बटण. फक्त मागच्या होळीला आठवण ठेवायची. “नव्या सुनंला सुट्टी नसती,” असं त्या एकदा तलंगेकडं बघत म्हणाल्या होत्या. मी तेव्हा हसले. नंतर वाटलं, ते कोंबडीबद्दल होतं की आम्हा दोघींबद्दल?

संक्रांतीला दिवस तिळातिळानं वाढायला लागतो, असं त्या मानत, आणि जुन्या कोंबड्या त्यांच्या मताला दुजोरा देत. तिळगुळाच्या आसपास पहिलं अंडं येई. मी विज्ञानाची बाई, मी एका वर्षी सांगून पाहिलं की दिवस वाढायला बावीस डिसेंबरनंतरच लागतो, संक्रांत येईपर्यंत सात-आठ मिनिटं वाढूनसुद्धा झालेली असतात. त्यांनी विचारलं, मग सकाळ अजून उशिराच का होती? प्रश्न खरा होता. आमच्या भागात सगळ्यात उशिराचा सूर्योदय संक्रांतीच्या आसपासच असतो. वाढ सगळी संध्याकाळच्या बाजूनं होते. पहाटे चारला उठणाऱ्या बाईला ती कुठून दिसणार? कोंबडीला दिसते, पण तीही ऐकल्याबरोबर अंडं देत नाही. अंडाशय जागं व्हायला तिला काही आठवडे लागतात. त्यामुळं बावीस डिसेंबरचा निरोप पोचतो तो संक्रांतीलाच. आत्याबाईंचं पंचांग आणि माझं पुस्तक, दोन्ही कोंबडीनं सांभाळून घेतलं.

आत्याबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. पितळी डब्यात आता डाळच असते, पैसे मोबाइलवर येतात. होळीला खुडूक कोंबडी बसवायची मी एकदाही चुकले नाही. यंदा पाच तलंगा आहेत, त्यातल्या तीन अंड्यावर आल्या.

बल्ब मी टाकला नाही. तो ओट्यावर लावला. आता उन्हाळ कांद्याची लागवड चालू आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या गावात उतरल्या आहेत, एकराच्या उक्त्या भावानं काम घेतात, आणि वाफ्यातल्या गार पाण्यात दिवसभर वाकून रोप लावतात. साडेपाचला पिकअप येते. तोवर बाया आमच्या ओट्यावर बसतात, कारण तिथं उजेड असतो. भाकरीचं फडकं बांधतात, हाताला तेल लावतात, एखादी तान्ह्याला पाजते. पलीकडं खुराड्यात अंधार असतो. मध्ये गोणपाटाचा पडदा.

परवा त्यातल्या एकीनं विचारलं, “बाई, अंडी हायेत का इकायला?”

“नाहीत गं. थंडीत थांबतात त्या. संक्रांतीनंतर ये.”

“थांबत्यात?” तिनं पडद्याकडं पाहिलं. “आन तुमी थांबू देता?”

रस्त्यावर हॉर्न वाजला. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, रोपाची पाटी उचलली आणि बाकीच्यांच्या मागं पायऱ्या उतरून गेली.